मुंबईला निघण्याआधीचं सलाईन

मुंबईहून परत आल्यापासून आमच्याकडचा जो भेटतो तो एकच विचारतो, समुद्र पाहिला का? नाही पाहिला. खाडी पाहिली, तीही लांबून, आठव्या माळ्यावरच्या न उघडणाऱ्या खिडकीतून. माय म्हणाली, "येवढं पानी, अन् गिलासभर पेता येत नाई म्हंतेत. काय कामाचं?" झालं आमचं समुद्रदर्शन. मी जे पाहून आलो ते दुसरंच आहे. ते सांगायला बसलो की आधी भीती वाटायची, आता राग येतो.

मी प्रल्हाद. अनसिंगच्या पुढे आमचं गाव. अनसिंगला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. शाळा नववीत सुटली. इंग्रजी येतं ते मोटारीवरच्या पाटीपुरतं. लिहायची सवय नाही, पण आपल्या वाशिमकडून आणखी कोणाला तरी याच रस्त्याने जावं लागेल. त्याने माझ्यासारखं जाऊ नये, म्हणून लिहितो आहे.

मायच्या, म्हणजे कासाबाईच्या, मानेत गाठ आली. पहिले कितीतरी महिने ती टीबीची म्हणून गोळ्या चालल्या. मग अकोल्याला गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा लिम्फोमा निघाला, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. केमो झाली. गाठ गेली, परत आली. दुसरी केमो झाली, पुन्हा तेच. तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, मुंबईत एक नवा उपचार निघाला आहे. मायच्याच रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायच्या आणि परत मायच्या अंगात सोडायच्या. पण पेशी चांगल्या निघाल्या पाहिजेत, आणि गाठ श्वासावर यायच्या आत निघाल्या पाहिजेत. एवढंच मला समजलं आणि तेवढं पुरेसं होतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी

आसेगावचे मामा आले. मायचे धाकटे भाऊ. मायकडे पाहून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पल्हाद, ताईच्यात काई जीव दिसून नाई राह्यला. मुंबईपरेंत कशी जाईन ते? एक बाटली लावून घे."

आमच्याकडे लांबच्या प्रवासाआधी, लेकीच्या लग्नाआधी, सोयाबीनच्या सोंगणीआधी माणसं सलाईन लावून घेतात, जसं गाडीत हवा भरून घ्यावी तसं. कोणी कोणाला कारण विचारत नाही. डॉक्टरही विचारत नाही. शेजारच्या मोठ्या गावात एका डॉक्टरचा दवाखाना आहे, गावाचं नाव लिहीत नाही. तीन खाटा, प्रत्येक खाटेवर एक बाई, प्रत्येक बाईच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेली बाटली. मी मायला तिथे नेलं. मीच नेलं. डॉक्टरने बाटलीत सुईने लाल औषध सोडलं, पाणी पिवळं झालं. मग आणखी एक छोटी सुई टोचली.

मी विचारलं, "हे काय होय, डॉक्टरसाहेब?"

"ताकदीचं."

"कॅन्सरवाल्याले चालते नं?"

"अरे, ताकद कोनाले चालत नाई?"

खाटेवरच्या बायका हसल्या. मीही हसलो.

आणि खोटं कशाला सांगू, मायला दुसऱ्या दिवशी फारच बरं वाटलं. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या. वाशिमच्या स्टेशनावर माझ्या पुढे चालत होती. मानेची गाठसुद्धा जरा बसल्यासारखी दिसत होती. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरचे पाय धरले. गाडीभर धरून बसलो होतो.

हॉस्पिटल

तिथली पहिली गोष्ट म्हणजे शांतता. आपल्याकडे दवाखान्यात गेलं की बाकावरचा माणूस विचारतो, कोणते तुमी, काय झालं, कोणाच्या नात्यातले. तिथे शेजारी बसलेला माणूस तुमच्याकडे पाहतसुद्धा नाही, फक्त भिंतीवरचा नंबर पाहतो. मायला ते लागलं. तिने स्वतःच शेजारच्या बाईला विचारलं, "तुले काय झालं व, बाई?" ती बाई रडायलाच लागली. मग दोघींनी एकमेकींचे हात धरून नंबर येईपर्यंतचा वेळ काढला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आम्हाला ज्या डॉक्टर बघणार होत्या त्यांना सगळे मॅडम म्हणत. वयाने माझ्यापेक्षा लहान. मायला 'आजी' म्हणाल्या, स्टूल ओढून समोर बसल्या आणि मला विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत काही औषध घेतलं का? नवीन गोळी, इंजेक्शन?"

मी म्हणालो, "नाही."

रक्त तपासायला गेलं. दुपारी मॅडमनी परत बोलावलं. अकोल्याच्या रिपोर्टात होत्या त्याच्या मानाने लढणाऱ्या पेशी फारच कमी झाल्या होत्या. पेशी काढायच्या मशीनवर बसवून काही हाती लागणार नव्हतं.

"नक्की काही दिलं नाही ना आजींना?"

"नाही मॅडम. शपथ."

तेव्हा माय म्हणाली, "काहून रे, ते बाटली नाई का लावली आपन?"

मी मायवरच चिडलो. "माय, ते काय औषध होय? सलाईन होय ते!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी दवाखान्याचा फोन नंबर मागितला. मी लावून दिला. डॉक्टर आधी म्हणाला, ताकदीचं. मॅडम म्हणाल्या, "मीपण डॉक्टर आहे. नाव सांगा." मग तो म्हणाला, मल्टीव्हिटॅमिन. मॅडम म्हणाल्या, "दुसरं?" मग त्याने नाव सांगितलं.

मॅडमनी ते माझ्यासाठी मराठीत कागदावर लिहिलं. डेक्सामेथासोन. स्टिरॉइड आहे. माणसाला तात्पुरतं छान वाटतं, भूक लागते. गाठही थोडे दिवस दबते. आणि ज्या पेशी गोळा करायला आम्ही एवढ्या लांब आलो होतो, त्याच पेशी त्याने कमी होतात.

"आठ दिवस थांबावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "औषधाचा असर उतरू दे. पण तोवर गाठ गप्प बसणार नाही. श्वासाला त्रास झाला तर लगेच या, अजिबात वाट बघायची नाही."

"आणि आला त्रास तर?"

"तर आधी गाठीसाठी औषध द्यावं लागेल. मग पेशींचं आणखी पुढे जाईल."

म्हणजे ती दोन भाकरी खाणारी माय, ती पुढे चालणारी माय, ते सगळं उसनं होतं. मी जिन्यात जाऊन भिंतीला लाथ मारली. अंगठ्याचं नख गेलं. जेसी सिस्टर म्हणून तिथल्या नर्स होत्या, केरळच्या, बारा वर्षं मुंबईत. त्यांनी पट्टी बांधली आणि मग म्हणाल्या, "भाऊ, भिंत आमची आहे. परत नाही मारायची."

धर्मशाळेतले आठ दिवस

हॉस्पिटलच्या जवळच एका ट्रस्टची धर्मशाळा आहे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. एक खोली, दोन खाटा, मजल्यावर एक सगळ्यांचं स्वयंपाकघर. दुकानातली पोळी घेतली तर ती कागदासारखी, वरणात साखर. माय दोन घास खाऊन ताट सरकवायची. "आजाऱ्यालेच गोड करून खाऊ घालतेत का सगये इथी?" म्हणून मी तिसऱ्या दिवशी ठेचा करायचं ठरवलं. सगळं शिजवून, गरम द्यायचं, कच्चं काही नाही, असं सिस्टरनी बजावलं होतं, म्हणून मिरच्या तव्यावर चांगल्या काळ्या होईपर्यंत भाजल्या.

दोन मिनिटांत अख्खा मजला खोकायला लागला. टक्कल पडलेली माणसं मास्क दाबून बाहेर पळाली. मॅनेजर तवाच उचलून घेऊन गेला. मालवणकडच्या एक वहिनी होत्या, नवऱ्याला घेऊन आलेल्या, त्या डोळे पुसत माझ्यावर तुटून पडल्या, "तुमच्यात अक्कल विकत मिळत नाय काय हो? फुफ्फुसाची माणसं राहतत हयसर!" मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्याच वहिनी पेज घेऊन आल्या, मायला वाटीभर दिली आणि हळूच म्हणाल्या, "त्या मिरचीतलो काय उरलो हा?"

बाकी त्या आठ दिवसांत मी एकच काम केलं. मायची गाठ मोजली. एक सुतळी होती पिशवीला बांधलेली, ती रोज सकाळी मानेभोवती धरायची आणि पेनाने खूण करायची. पाचव्या दिवशी खूण पुढे सरकली. सहाव्या दिवशी आणखी. सातव्या दिवशी माय उताणी झोपू शकेना, भिंतीला टेकून बसून राहिली.

"चाल माय, दवाखान्यात."

"उद्याच तर बलावलं नं."

"श्वास लागून राह्यला तुले!"

"तू बोंबलतं त्यानं लागून राह्यला. बस खाली."

मी तिला उचलूनच नेलं. मॅडमनी तपासलं, ऑक्सिजन पाहिला, रक्त पाहिलं. पेशी वर आल्या होत्या. पुरेशा नाहीत, पण आल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "उद्याची वाट नको. आत्ताच बसवू मशीनवर."

मशीन आपल्या शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरपेटीएवढं नाही, चांगलं कपाटाएवढं आहे. एका हातातून रक्त बाहेर, आत भिंगरीसारखं फिरतं, पांढऱ्या पेशी एका पिशवीत, बाकीचं दुसऱ्या हातातून परत. चार तास. मायच्या ओठांना मुंग्या आल्या, तर सिस्टरनी लगेच कॅल्शियम दिलं, आणि द्यायच्या आधी सांगितलं की हे कॅल्शियम आहे. शेवटी पिशवीत फिकट गुलाबी असं काही जमलं. माय बघत राहिली.

"येवढंसं?"

"एवढंसंच, आजी. आता ह्यांची शाळा."

"माही तं शाया झालीच नाई. ह्यायची होऊन राह्यली, बरं झालं."

मधले दिवस, गावात

पेशी तयार व्हायला तीनेक आठवडे लागणार होते. गाठीला आवरायला थोडे दिवस शेक, म्हणजे रेडिएशन, दिला आणि आम्हाला घरी सोडलं.

घरी आलो तर दारात जीप. आजारी माणसाला भेटायला जायचं, आणि जायचं तर सात जणांनी जायचं, ही आपली रीत. एक जण खोकत होता. मी दारात आडवा उभा राहिलो.

"लांबूनच बोला. आत येऊ नका, तिले इन्फेक्शन चालत नाई."

"वा रे वा! मुंबई पाहून आला तं मोठ्ठा झाला? आमी का रोग घेऊन आलो?"

"हो. आले असान."

ती जीप अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

मग मामा आले. चहा झाला. मायकडे पाहून तेच बोलले, शब्दाला शब्द तोच. "पल्हाद, जायच्या आधी एक बाटली लावून टाक. मागच्या वख्ती किती फरक पडला होता."

मी कप भिंतीवर फेकला. मामांच्या पुढ्यात, आयुष्यात पहिल्यांदा. ओरडलो की तुमच्या त्या बाटलीने माय मरत होती. मामांचं तोंड एवढंसं झालं. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि मलाही नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं तो तिकडे बाटल्या टांगत होता. मामा उठून जोडे घालायला लागले. माय आतून ओरडली, "पल्हाद, कप तूच उचल. अन् तू, बस रे, भाकर खाऊन जाय."

पुन्हा मुंबई

पेशी द्यायच्या आधी एक तपासणी असते. या उपचारात कधी कधी मेंदूला सूज येते, माणूस गोंधळतो, म्हणून रोज विचारतात, शहर कोणतं, महिना कोणता, हे काय, ते काय, आणि एक वाक्य लिहायला लावतात. माय अंगठेबहाद्दर. सिस्टर विचारात पडल्या.

"आजी, रोज हाताने काय काढता येईल तुम्हाला?"

"रांगोयी."

मग कागदावर पेनाने सोळा ठिपके, आणि त्यातून फूल. रोज एक. सिस्टर तारीख घालून फाइलला लावायच्या.

पेशी आल्या त्या धूर निघणाऱ्या थंड डब्यातून. चार-चार वेळा नाव, नंबर वाचून पाहिलं, मला वाचायला लावलं. बाटलीएवढीही नाही, छोटी पिशवी. मिनिटांत संपली. खोलीभर लसणासारखा वास सुटला. पेशी गोठवून ठेवायला जे घालतात त्याचा वास असतो तो. माय म्हणाली, "फोडनी कोनं देली?" आणि झोपली.

तिसऱ्या दिवशी ताप आला. येणार म्हणून सांगितलंच होतं, त्याचं औषध दिलं, ताप उतरला. मी जरा सैल झालो. सहाव्या दिवशी सकाळी सिस्टरनी कागद पुढे केला. मायने ठिपके काढले, पण रेघ एका ठिपक्यावरून निघाली आणि कागदाबाहेर गादीवर गेली. सिस्टरनी पेन दाखवलं, "आजी, हे काय?" माय पेनाकडे पाहून हसली. नुसतीच हसत राहिली. मला म्हणाली, "गया, पानी झालं का भरून?" गया तिची बहीण. लहानपणीच वारलेली.

धावपळ झाली. मॅडम आल्या, बॅटरी डोळ्यांत मारली, काहीतरी सांगून शेजारच्या खोलीत गेल्या. सिस्टर ट्रे घेऊन आल्या. एक छोटी काचेची बाटली, त्यांनी ती माझ्यासमोर धरली, कारण तिथे धरतातच. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. तेच नाव.

मी सिस्टरचा हात धरला. मनगटावर वळ उठेल इतका जोरात.

"हे नाही द्यायचं."

"भाऊ, हात सोडा."

"पेशी मरतात ह्याने! तुम्हीच सांगितलं! एवढं करून आता तुम्हीच मारता का?"

मॅडम आल्या. त्यांनीही हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. म्हणाल्या, "प्रल्हाद, तुम्ही बरोबर वाचलंत. तेच औषध आहे. तेव्हा आपल्याला पेशी हव्या होत्या आणि हे त्यांना मारत होतं. आता त्याच पेशी अंगात वाढल्यात, जोरात लढतायत, आणि त्या भांडणाची झळ मेंदूला लागलीय. आता त्यांना आवरायचंय. थोडे दिवस, मोजून. नाही दिलं तर आजींना फिट येऊ शकते."

"आणि पेशींचं काम थांबलं तर?"

"तो धोका थोडा आहे. मी खोटं नाही सांगणार. पण आत्ता मोठा धोका हा आहे."

मी मायकडे पाहिलं. ती गयाशी बोलत होती. मी हात सोडला. सिस्टरनी नाव वाचलं, किती द्यायचं ते वाचलं, वेळ लिहिली, मग टोचलं. मनगट चोळत मला म्हणाल्या, "विचारलं ते चांगलं केलं. पण पुढच्या वेळी तोंडाने विचारा."

मी तिथेच बसून रडलो, आणि ते रडणं निव्वळ भीतीचं नव्हतं. औषध तेच होतं. इथे त्याचं नाव सांगून, कारण सांगून, धोका सांगून दिलं, नववी नापासाला. आमच्याकडे त्याच औषधाला 'ताकद' म्हणून टोचलं आणि वर आम्ही सगळे हसलो. मुंबईसारखं मोठं मशीन वाशिमला नसेल, त्याचा मला राग नाही. पण नाव सांगायला कुठलं मशीन लागतं?

दोन दिवसांनी रेघ कागदाच्या आत आली. चौथ्या दिवशी फूल पूर्ण झालं. मायने पेन दाखवून सिस्टरलाच विचारलं, "हे काय होय, सांग बरं?"

महिन्याने स्कॅन झाला. गाठ दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, "आज नाहीये. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. आज नाहीये, एवढंच मी म्हणेन." त्यांनी एवढंच म्हटलं आणि मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्या मागे सरल्या.

गावात

गावात आल्यावर ऐकलं की तो डॉक्टर सांगत फिरतो, कासाबाई माझ्या सलाईनवर मुंबईपर्यंत पोचली. मी दुकानातला लोखंडी पान्हा घेऊनच घरून निघालो होतो. मायने गाडीच्या मागच्या सीटवर बसून घेतलं. "पान्हा ठेव. मले घेऊन चाल."

दवाखाना तसाच. तीन खाटा, तीन बायका, तीन बाटल्या पिवळ्या. माय तोंडाला फडकं बांधून दारातच उभी राहिली, आत गेली नाही.

"डॉक्टर, मले काय लावलं होतं तुमी?"

"या या, कासाबाई! ताकदीचं लावलं होतं. पाहा, कशी टनटनीत झाली तुमी."

"त्याले नाव असन नं?"

"नावानं तुमाले काय समजते?"

"मले नाई समजत. ह्याले समजते," माझ्याकडे बोट. "कागदावर लिवून द्या. तारीख घाला अन् सही करा."

डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागला. मी ते नाव मोठ्याने म्हटलं, सगळं, नीट, जेसी सिस्टर म्हणायच्या तसं. त्याचा चेहरा उतरला. त्याने कागद काही काढला नाही. "आता जुनं कशाले उकरता," म्हणाला आणि दुसऱ्या खाटेवरच्या बाटलीत टोचायला सुई भरू लागला.

त्या खाटेवरची बाई उठून बसली. विशी-बाविशीची असेल. तिने नळीवर हात ठेवला.

"थांबा जरा, डॉक्टर," ती म्हणाली. "पहिले माह्यं सांगा. हे काय होय?"